कॅप्टनची जागा डावीकडे

ही गोष्ट माझ्या तरुणपणातली आहे. म्हणजे पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते, गुडघे माझे स्वतःचे होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. बुलढाण्याच्या शाळेत तेहतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. मुलांना त्यातलं किती कळलं ते मुलं जाणोत, पण बाईंना सगळं कळतं याबद्दल बाईंना काडीची शंका नव्हती. ती शंका ज्या माणसाने माझ्या डोक्यात घातली आणि जी अजून निघालेली नाही, त्या माणसाचं नाव कॅप्टन दिनकर अंभोरे.

ते आमच्या समोरच्या घरात राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गॅलरीत मेथी निवडत होते. आठच्या ठोक्याला ते बाहेर आले. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्री अशी की बाहीच्या कडेने भेंडी चिरता यावी. फाटकातल्या गाडीचं डावं दार उघडून ते आत बसले, दार लावून घेतलं आणि समोर बघत राहिले. मला वाटलं, ड्रायव्हर यायचा असेल. मिनिटभराने ते उतरले, गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली, गाडीभोवती सावकाश फिरले, चारही चाकांवर हात मारला, वाकून खाली पाहिलं आणि मग उजव्या दाराने आत जाऊन बसले.

आणि गाडी हलली. आवाज न करता.

आमची गल्ली उताराची आहे. विज्ञानाच्या शिक्षिकेचं डोकं झरझर चाललं. आवाज नाही म्हणजे इंजिन बंद. इंजिन बंद असून गाडी हलते म्हणजे घरंगळते. आणि आत एक म्हातारा माणूस. मेथी तिथेच टाकून मी धावले, आळ्याची एक वीट उपसली आणि गाडीपुढे जाऊन चाकाखाली घातली.

"ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!"

काच खाली आली. "काय झालं, बाई?"

"गाडी घरंगळून राह्यली तुमची!"

"घरंगळून नाही राह्यली. मी नेऊन राह्यलो तिले."

"मग आवाज काऊन नाही तिले?"

"बोलायचं नसंल तिले सकाळी सकाळी."

ते उतरले, वीट उचलली, पुसली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली. "विमानाच्या चाकाखाली असा ठोकळा ठेवतात, बाई. पन तो निंघायच्या आधी. तुमचा टायमिंग चुकला."

अशी आमची ओळख झाली. हातात वीट, पदरात मेथीच्या काड्या आणि डोक्यात गोंधळ.

माणूस मूळचा जानेफळचा. तिथल्या शाळेतून निघून शिष्यवृत्त्या मिळवत मिळवत हा मोठ्या प्रवासी विमानांचा कॅप्टन झाला. पस्तीस वर्षं आभाळात काढली, पण बोलण्यातलं मले-तुले काही वरून खाली सांडलं नाही. बायको गेली होती, मुलगी परदेशात होती. निवृत्त झाल्यावर मोठी शहरं सोडून बुलढाण्याला आले. लोक आमच्याकडे थंड हवेसाठी येतात. हे आले घाटासाठी. ते का, तेही मला तेव्हा कळलं नाही.

डाव्या दाराचं कोडं मात्र लवकर सुटलं. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे रोज सकाळी कॅप्टनचं शरीर त्यांना न विचारता डाव्या दाराकडे जायचं आणि आत बसल्यावर समोर चाक नाही हे बघून डोकं जागं व्हायचं. पण "चुकलो" म्हणून उतरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून मग ती गाडीभोवतीची प्रदक्षिणा. मी एकदा डिवचलं, "काय कॅप्टन, आजही डावीकडून?"

"तपासनी करून राह्यलो. उडायच्या आधी विमानाभोवती फिरा लागते."

ते खरंही होतं. विमानाभोवती फिरायचा नियम असतोच. त्यामुळे त्या प्रदक्षिणेतला नियम कुठे संपतो आणि चूक झाकणं कुठे सुरू होतं, हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. बहुतेक त्यांनाही.

आठ दिवसांनी मी दुसरा पराक्रम केला. कोणीतरी सांगितलं, ही हायब्रिड गाडी आहे, पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही. झालं. मी पाळत ठेवली. यांनी गाडी चार्ज केलेली मला एकदाही दिसली नाही. मी निष्कर्ष काढला की नव्या घरात बाहेर प्लग नसणार आणि माणूस मागायला लाजत असणार. मी आमच्या घरातून लांब वायर ओढली, फाटकावरून पलीकडे टाकली आणि टोकाच्या बोर्डाला दवाने ओल लागू नये म्हणून दुधाची पिशवी बांधली.

कॅप्टन बाहेर आले. बोर्डाकडे पाहिलं, वायरच्या मागे मागे नजर नेत माझ्यापर्यंत आले. "हे काय व्हय?"

"लाजू नका. शेजारी कशाला असतात? लावा गाडीले."

"हिले वायर लागत नाही, बाई."

"मग बॅटरी भरते कशी?"

"ब्रेक दाबला का भरते."

नववीतल्या मुलाने उत्तरपत्रिकेत काहीतरी अचाट लिहावं आणि आपण हसावं, तशी मी हसले. "म्हणजे जितकं थांबाल तितकं पुढं जाल?"

"हाव."

मग मी त्यांना फाटकाच्या अलीकडून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ऐकवला. उदाहरणांसह. ते हात मागे बांधून, वर्गात उभं राहावं तसे उभे राहून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "उद्या रविवार. राजूर घाटानं मोताळ्याले जाऊ. वायर घरीच ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी डाव्या सीटवर बसले तेव्हा माझ्या हातात प्लास्टिकमध्ये मढवलेलं एक कार्ड आलं. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात ओळी होत्या.

"तुमी वाचायचं, मी उत्तर द्यायचं. उत्तर आल्याबिगर पुढची ओळ वाचायची नाही."

"पट्टे?" मी वाचलं.

"लावले."

"आरसे?"

"पाह्यले."

"दारं?"

"चारी बंद."

"हिरवा दिवा?" गाडीला आवाज नाही ना, त्यामुळे ती चालू आहे की नाही हे एका हिरव्या दिव्यावरून ओळखायचं.

"लागला."

"डावी बाजू?"

त्यांनी मान वळवली. "मोकळी."

"गाडी कोणाकडे?"

"गाडी माझ्याकडे."

मला हसू आलं. गाडी दुसऱ्या कोणाकडे असणार? बँकेकडे? तसं मी म्हटलंही. कॅप्टन हसले नाहीत. "विमानात चालवनारे दोघं असतात. कोनाच्या हातात हाय हे तोंडानं बोलून दाखवा लागते. एक म्हनते, 'तुमच्याकडं', दुसरा म्हनते, 'माझ्याकडं', तवाच पहिला हात काढते. नाही तं ह्याले वाटते तो उडवून राह्यला, त्याले वाटते हा. अन् उडवत कोनीच नसते."

पुढे मी त्या कार्डाच्या बऱ्याच खोड्या काढल्या. मधेच एखादी ओळ गाळायची, तर ते गाडी न हलवता तसेच बसून राहायचे. एकदा "देवाचं नाव?" अशी ओळ घुसवून पाहिली. "कार्डावर नाही," एवढंच उत्तर आलं.

तर त्या दिवशी घाट उतरताना त्यांनी मला मधल्या पडद्याकडे बघायला सांगितलं. पडद्यावर गाडीचं चित्र आणि त्यात बाण. घाट सुरू झाला आणि बाण उलटे फिरले, चाकांकडून बॅटरीकडे. बॅटरीच्या डबीत एकेक रेघ वाढत गेली. मोताळा आला तेव्हा डबी भरलेली.

उंचावरची वस्तू खाली येते तेव्हा तिची ऊर्जा साठवता येते, हा धडा मी तेहतीस वर्षं फळ्यावर धरणाचं चित्र काढून शिकवला होता. बुलढाणा घाटाच्या माथ्यावर बसलंय आणि मी त्या माथ्यावरच जन्म काढला, हे काही त्या चित्रात बसलं नव्हतं. पण हार मानेल ती मी कसली.

"आत्ता कोण चालवून राह्यलं? पेट्रोल का बॅटरी?"

"बॅटरी."

"आता?"

"आता दोघं."

"मग मालक कोण?"

"ज्याची पाळी त्याचा. एकानं सोडलं, दुसऱ्यानं धरलं, अन् तुमाले कळलंच नाही, तं समजा गाडी चांगली."

तेव्हापासून प्रत्येक फेरीत मी हा प्रश्न विचारत आले. उत्तर ऐकून दर वेळी "असं होय" म्हणत आले. मला ते कधीच नीट कळलं नाही.

मोताळ्याला जायचं ते डॉक्टर तायड्यांकडे. तायडे धामणगाव बढ्याचे, डोळ्यांचे डॉक्टर, वय पंचेचाळीसच्या आसपास, मोताळ्यात छोटा दवाखाना. त्यांना विमान उडवायची हौस. दूरच्या शहरात एक क्लब आहे, तिथे जाऊन दोन माणसांचं इवलंसं विमान उडवायला शिकले, परवाना काढला आणि वर्षातून चार-सहा वेळा जाऊन आभाळात एक चक्कर मारून यायचे. गाडी कॅप्टनसारखीच, हायब्रिड, रंगही तोच. दोघांची ओळख पेट्रोल पंपावर झाली. अशा दोन गाडीवाल्यांनी भेटायला यापेक्षा अवघड जागा दुसरी नसेल.

कॅप्टन त्यांना "हौशी" म्हणायचे. "बाई, हा हौशी. हा पदरचे पैसे देऊन उडते."

डॉक्टर म्हणायचे, "सर, तुमच्या विमानात दीडशे माणसं घाबरून बसत. माझ्या विमानात मी एकटाच घाबरतो. सांगा, कोण बरा?"

रविवारी यांची शर्यत असायची, आणि शर्यत कसली, तर मोताळ्याहून घाट चढून बुलढाण्याला कमीत कमी पेट्रोलमध्ये कोण येतो याची. म्हणजे जो मागे राहील तो जिंकण्याची शक्यता जास्त. दोघे चपला काढून अनवाणी चालवायचे, पायाखालचं पॅडल तळव्याला नीट कळावं म्हणून. मे महिन्यात एसी बंद. मागच्या सीटवर मी आणि एक टरबूज, दोघंही घामाघूम. सायकलवाला पुढे गेला की कॅप्टन खुश व्हायचे.

"तुम्हा उडणाऱ्या माणसांना या गोगलगाईचं एवढं काय वेड?" मी एकदा वैतागून विचारलं.

कॅप्टनने गंभीरपणे उत्तर दिलं. "विमान खाली आनायचं म्हनजे लई दुरून इंजिन शांत करत या लागते, बाई. उंची हाय ती पुरवून पुरवून वापरायची. शेवटी जोरात ब्रेक मारा लागला, तं समजायचं, आपलं कुठी तरी मागंच चुकलं. ह्या गाडीले ते समजते. बाकीच्या गाड्या निस्त्या पयतात."

डॉक्टर शेजारी उभे राहून, देवळात कीर्तन ऐकावं तसं मान हलवत ऐकत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. इतक्या रविवारी आम्ही गेलो, पण कॅप्टन त्या दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत. चहा बाहेर, गाडीच्या बॉनेटवर कप ठेवून. डॉक्टरांनी आत बोलावलं की म्हणायचे, "पायलट दोघालेच भेते. ढगाले अन् डॉक्टरले. एक डाव डॉक्टरनं कागदावर 'नाही' लिहिलं, का झालं, बसा घरी." आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त.

मग सीताफळांचा हंगाम आला. घाटात बायका रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बसतात. त्या गुरुवारी आम्ही दोघेच खाली निघालो होतो. मी कार्ड वाचलं. "डावी बाजू?" "मोकळी." घाटातल्या तिसऱ्या वळणावर डावीकडून कचकन आवाज झाला.

"काय वाजलं?"

"दगड असंल," मी म्हणाले. मी तेव्हा पडद्यावरचे बाण बघत होते. सहासष्ट वर्षांची विद्वान.

मागून आरोळी आली, "ओ! थांबा! डोये फुटले का तुमचे?"

कॅप्टनने गाडी थांबवली. सीताफळवाली उभी होती, तिची पाटी चपटी झाली होती आणि पांढरा गर डांबराला फासला गेला होता. पांढऱ्या केसांचा माणूस उतरलेला बघून तिचा आवाज जरा खाली आला. "बाबा, रोज इथीच बसतो मी. पाय आत घेतला म्हनून वाचला माहा."

कॅप्टन खाली बसले. न फुटलेली फळं एकेक करून गोळा केली, तिच्या पदरात दिली. "पाटी कुठी होती?"

"ही इथी. पांढऱ्या दगडाच्या आत. रस्त्यावर नव्हती."

ते उभे राहिले. समोर दरीकडे बघत त्यांनी आधी उजवा डोळा झाकला, मग डावा, मग पुन्हा उजवा. मला वाटलं, ऊन लागतंय. खरंच, मला असंच वाटलं.

तिचं नुकसान भरून देऊन गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "कार्ड वाचताना म्या काय म्हनलं होतं?"

"डावी बाजू मोकळी."

"मोकळी नव्हती." त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. मग म्हणाले, "हे हौशीले नाही सांगायचं, बाई."

"काऊन? दोस्त आहे तो तुमचा."

"डॉक्टर हाय तो."

मी शब्द दिला. आयुष्यात एकच गुपित मनापासून पाळायचं ठरवलं आणि ते गुरुवारपासून रविवारपर्यंत टिकलं. रविवारी कॅप्टन गाडी पुसत असताना मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. एक डोळा झाकण्याचंसुद्धा. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"काचबिंदू असावा, बाई. तो कडेकडून खात येतो. समोरचं लख्ख दिसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधाने राखता येतं. पण उरलंय किती, ते सरांनी दाखवलं पाहिजे."

"ते नाही दाखवणार."

"नाहीच दाखवणार. मी डोळ्यांचा डॉक्टर असून माझ्या परवान्याच्या तपासणीला गेलो की मला घाम फुटतो. त्यांनी तर पस्तीस वर्षं ती तपासणी दिली."

त्यांनी एक युक्ती काढली. कॅप्टनला म्हणाले, "सर, नवीन मशीन आणलंय. तुमच्या सिम्युलेटरसारखं आहे. बघा तरी." मशीन म्हटल्यावर कॅप्टनचे पाय हलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते पायरी चढले.

अंधारी खोली. पांढरा घुमट, त्यात हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. कडेने बारीक बारीक दिवे चमकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. कॅप्टनला क्षणात कळलं हे काय आहे ते. पण उठणं म्हणजे घाबरणं. ते बसले. टक. टक. टक. एका लयीत बटण वाजायला लागलं. मला हायसं वाटलं. केवढं छान दिसतंय यांना, मी मनात म्हटलं.

डॉक्टरांनी हात पुढे करून एक कळ दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. का, ते मला कळेना. टक. टक. टक. चालूच.

"सर," डॉक्टर हळूच म्हणाले, "दिवे मी केव्हाच बंद केलेत."

बटण थांबलं. कॅप्टनने हनुवटी उचलली नाही. तसेच, त्या रिकाम्या घुमटात बघत म्हणाले, "किती डाव दाबलं?"

"सोडा, सर."

"सांग ना बे."

"मोजलं नाही, सर."

ते उठले, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला, बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, मी सोडतो. "मी प्रवासी म्हनून बसत नसतो," एवढंच बोलून ते उजवीकडे बसले. घाटभर मी प्रत्येक वळणावर न विचारता सांगत होते, डावीकडे दगड आहे, डावीकडे बाई आहे, डावीकडे मोकळं आहे. घरी पोचल्यावर उतरताना म्हणाले, "गुपित चार दिवस ठेवलं तुमी. मले वाटलं होतं, दोन."

त्यानंतर गाडी फाटकातच. चालवणं त्यांनी आपणहून बंद केलं, पण औषध घेईनात आणि तपासणीचं नाव काढू देईनात. किल्ली कोणाला देईनात. डॉक्टर रविवारी यायचे, "सर, मी चालवतो, चला," म्हणायचे. दार उघडायचं नाही. सकाळी आठला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर यायचे, गाडीभोवती फिरायचे, पण आता तळहात पत्र्यावरून फिरवत. मग परत आत. मला सांगा, डोळा जाईल तर जाईल पण डॉक्टरपुढे हरणार नाही, हा कुठला हिशोब? रोज मी गॅलरीत उभी राहून हा हिशोब मांडायचे आणि रोज तो चुकायचा.

शेवटी मी एक वेडेपणा केला. माझ्याकडे गाडीचं लायसन होतं. चाळिशीत हौसेने काढलं, शिक्षकदिनाला शाळेच्या आवारात गाडी घेऊन गेले आणि मुलांच्या टाळ्यांच्या गजरात पाण्याच्या टाकीला धडकले. टाकीला तडा, मला टोपणनाव. दोन्ही बरीच वर्षं टिकली. त्यानंतर चाकाला हात लावला नव्हता. मुदत संपलेलं ते लायसन नवं करून घेतलं आणि मी डॉक्टरांपुढे उभी राहिले. "मला शिकवा. तुमच्या गाडीत."

डॉक्टर देवमाणूस. सहा रविवार मैदानात माझ्या शेजारी बसले. त्या मुक्या गाडीने माझा जीव घेतला. चालू आहे की बंद, कळायचंच नाही. मी बटण दाबून चालू करायचे, आवाज आला नाही म्हणून पुन्हा दाबायचे, की बंद. डॉक्टर म्हणायचे, "बाई, हिरवा दिवा बघा, आवाजाची वाट बघू नका." सातव्या रविवारी त्यांनी मला घाट उतरवून पुन्हा चढवला. कॅप्टनला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. पण पांढऱ्या केसांची मास्तरीण मैदानात गाडी शिकते हे जर बुलढाण्यात लपलं असतं, तर मग लपण्यासारखं दुसरं काय उरलं असतं!

त्यानंतर दीड वर्ष कॅप्टन माझ्या डावीकडे बसले. मग मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली, आणि मागच्या उन्हाळ्यात तिकडूनच ते वारल्याचा निरोप आला. विमानतळावर मी नव्हते, त्यामुळे त्यांना जाताना मी पाहिलंच नाही. मला ते दिसतात ते माझं शिकणं संपल्यावरच्या त्या पहिल्या सकाळचे.

आठला ते बाहेर आले. शर्ट तोच. डावं दार उघडलं, आत बसले, दार लावलं. गॅलरीत माझे हात मेथीत थांबले. मिनिट झालं. दोन झाली. ते उतरेनात. मी पदर खोचून खाली गेले. काच खाली होती, कार्ड त्यांच्या हातात होतं.

"काय कॅप्टन, आज तपासणी नाही?"

"ते झालं. इतके दिवस चुकीच्या सीटवर बसून राह्यलो होतो, बाई. कॅप्टनची जागा डावीकडंच." समोरच बघत त्यांनी किल्ली मधल्या खाचेत ठेवली. "तुमी बसा तिकडं. कार्ड मी वाचतो."

मी बसले. सीट पुढे ओढली.

"पट्टे?"

"लावले."

"आरसे?"

"पाह्यले."

"दारं?"

"चारी बंद."

"हिरवा दिवा?"

मी एकदाच बटण दाबलं. "लागला."

"डावी बाजू?"

मी मान वळवली. "तिथी तुमी बसले ना."

"माह्या पलीकडं पाहा."

"मोकळी."

शेवटची ओळ प्रश्नासारखी त्यांनी वाचलीच नाही. "गाडी तुमच्याकडं," ते म्हणाले.

"गाडी माझ्याकडे."

त्यांनी गुडघ्यांवरचे हात उचलून छातीशी बांधले.

घाट उतरताना त्यांनी डोळे मिटले होते. तिसऱ्या वळणावर सीताफळवाली बसते ती जागा रिकामी होती, हंगाम संपला होता. तरी मी गाडी उजवीकडून काढली. ते डोळे न उघडता म्हणाले, "आता कोन चालवून राह्यलं? पेट्रोल का बॅटरी?"

पडद्याकडे बघायची माझी छाती नव्हती. "मले नाही माहीत, कॅप्टन."

"मलेबी नाही समजलं," ते म्हणाले. "चांगलं चालवून राह्यल्या."

मोताळ्यात मी दवाखान्यापुढे गाडी थांबवली. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ते उतरले, पत्र्यावरून हात फिरवत गाडीभोवती एक फेरी घातली, माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी हाय. भरून घ्या." आणि पायरी चढून आत गेले. मी मागोमाग.

डॉक्टर उठून उभे राहिले. कॅप्टन सरळ अंधाऱ्या खोलीत गेले, मशीनपुढे बसले, हनुवटी टेकवली.

"सर, दिवा दिसला की..."

"माहीत हाय बे, हौशी. नाही दिसला का दाबायचं नाही."

डॉक्टरांनी मशीन सुरू केलं. मी दाराच्या पडद्याशी उभी होते. मशीन बारीक घुमत होतं. कॅप्टनचा अंगठा बटणावर होता. दोनदा टक वाजलं. मग घुमटात एकामागून एक दिवे लागत गेले, मला पडद्याआडून त्यांचा उजेड दिसत होता, आणि अंगठा बराच वेळ हलला नाही.